सामुराई ससा आणि माझा चौथीचा वर्ग



मागच्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत एका पालकांनी मला सरळच विचारलं, "सर, पोरगं घरी आलं की कमरेला काठी खोचतंय आणि उशीवर वार करतंय. शाळेत तलवारबाजी शिकवताय का काय?" सगळे हसले, मीही हसलो. ते मात्र हसले नाहीत. पुढे म्हणाले, "आणि ते पुस्तक बघितलं मी. नुसती चित्रं. चौथीत गेलं पोरगं, आता चित्रं बघायचं वय राहिलं का?"

सभेत पोषण आहाराचा तांदूळ आणि गळणारं छत असे दोन मोठे विषय होते, त्यामुळे मला नीट उत्तर देता आलं नाही. घरी येताना गाडीवर सगळी उत्तरं सुचली, जशी ती नेहमी उशिराच सुचतात. ती इथे लिहितो.

पुस्तकाचं नाव 'उसागी योजिंबो'. जपानी भाषेत उसागी म्हणजे ससा आणि योजिंबो म्हणजे अंगरक्षक. ही एक लांबलचक चित्रकथा मालिका आहे. १९८४ साली तिची पहिली गोष्ट छापून आली आणि त्यानंतर तिचे दोनशेहून जास्त अंक निघाले. ती करणारा माणूस एकच, स्टॅन साकाई. गोष्ट तोच लिहितो, चित्रं तोच काढतो आणि फुग्यांमधली अक्षरंसुद्धा स्वतःच्या हाताने तोच घालतो. त्याचा जन्म १९५३ सालचा, जपानमधल्या क्योतोचा. अगदी लहान असताना तो हवाईला आला, तिथेच वाढला आणि सामुराईंचे जपानी सिनेमे बघत मोठा झाला. म्हणजे मालिका जपानबद्दलची असली तरी ती अमेरिकेत, इंग्रजीत तयार झाली आहे. त्यामुळे ती जपानी चित्रकथांसारखी उजवीकडून डावीकडे वाचावी लागत नाही, आपल्यासारखीच डावीकडून वाचायची. वर्गात वापरताना ही लहान बाब फार सोयीची पडते.

मियामोतो मुसाशी नावाचा एक खराखुरा तलवारबहाद्दर जपानमध्ये होऊन गेला. साधारण १५८४ ते १६४५ हा त्याचा काळ. साकाईला त्याच्यावरून एक माणूस-नायक काढायचा होता. कागदावर गिरगटताना त्याने एक ससा काढला आणि त्याचे लांब कान डोक्यावर शेंडीसारखे बांधले. सामुराई केस बांधत तसेच! ते चित्र त्याला इतकं आवडलं की नायक ससाच झाला आणि त्याचं नाव मियामोतो उसागी पडलं. मग बाकीची दुनियाही प्राण्यांची झाली. उसागीचा दोस्त गेन हा गेंडा, तोमोए ही मांजर, तिचा छोटा सरदार नोरियुकी हा पांडा आणि गुरुजी कात्सुइची हे सिंह. पंचतंत्रावर वाढलेल्या आपल्या पोरांना यात काहीच वेगळं वाटलं नाही. 'ससा तलवार कशी धरेल' असा प्रश्न एकानेही विचारला नाही. तो फक्त मला पडला होता.

माझ्याकडे ही पुस्तकं आली ती अपघातानेच. माझा मावसभाऊ अमेरिकेहून परत आला आणि पुण्यात घर बदलताना त्याने एक खोकं माझ्या गाडीत ठेवलं. "तुझ्या शाळेला देऊन टाक." त्यात या मालिकेचे चार खंड होते. मी ते कपाटावर टाकले. इंग्रजी, तेही काळंपांढरं, कोण वाचणार? मे महिन्याच्या सुट्टीत एक दुपारी सहज उघडला आणि रात्री जेवायला हाक आली तेव्हा दुसरा खंड हातात होता. पस्तिशी ओलांडलेला शिक्षक सशाच्या गोष्टीत बुडालेला बघून बायको म्हणाली, "तुमची पोरं बरी!"

मला त्या सशाबद्दल आपुलकी वाटली त्याचं एक कारण सांगतो. जरा खासगी आहे. उसागी हा रोनिन आहे. रोनिन म्हणजे मालक नसलेला सामुराई. त्याचा धनी मिफुने लढाईत मारला गेला आणि याची चाकरी संपली. कमरेला दोन तलवारी, अंगात विद्या, पण ठेवून घेणारं कोणी नाही. जपानमध्ये १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर असे हजारो सामुराई खरोखरच रस्त्यावर आले होते. आता माझ्या वयाच्या डी.एड. झालेल्यांना विचारा. २०१२ नंतर आपल्या राज्यात शिक्षकभरती बंद पडली. मग थेट २०१७ ची अभियोग्यता चाचणी, त्यानंतर पवित्र पोर्टल, आणि मला शाळा मिळाली २०१९ साली. मधली वर्षं मी मेडिकलच्या दुकानात बसलो, संध्याकाळी शिकवण्या घेतल्या. हातात पदविका होती, पण शाळा नव्हती. रोनिन कोणाला म्हणतात ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही! आणि हा ससा त्या काळात पडेल ते काम घेत नाही, हे मला फार लागलं. भुकेला असतो, खिशात नाणी नसतात, तरी गावाला लुटणाऱ्याने पैसे देऊ केले तर नाही म्हणतो. मी त्या काळात प्रत्येक वेळी नाही म्हणालो होतो असं नाही. असो.

आता तलवारीबद्दल. पालकांची काळजी खोटी नाही. मालिकेत लढाया भरपूर आहेत आणि माणसं (म्हणजे प्राणी) मरतातही भरपूर. रक्त मात्र जवळजवळ दिसत नाही. कोणी मेला की त्याच्या डोक्यावर एक फुगा येतो आणि त्यात छोटी कवटी असते. मुलांना ही कवटी फार आवडली. ती मोजायला लागली. "सर, या पानावर सात!" इथे मी थोडा अडखळलो, आजही अडखळतो. मरणाची अशी खूण केली की ते हलकं होतं का? माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. एका मुलीने मात्र मोजणाऱ्या पोरांना थांबवून विचारलं, "यांच्या घरी कळवायला कोण जाणार?" त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही, त्याच्यावरच बोलत बसलो. तिचे काका सैन्यात आहेत.

पण बारकाईने बघितलं तर या गोष्टींमध्ये तलवार उपसण्याआधी बरंच काही घडतं, आणि बऱ्याचदा ती उपसावीच लागत नाही. उसागी गुरूकडे कसा गेला तीच गोष्ट घ्या. तो आणि त्याचा मित्र केनिची एका मोठ्या नावाजलेल्या तलवारशाळेत दाखल व्हायला निघालेले असतात. वाटेत त्यांना त्याच शाळेचे मस्तवाल विद्यार्थी दिसतात. ते एका एकट्या म्हाताऱ्या माणसाची वाट अडवतात आणि तो त्यांना सहज लोळवतो. तो म्हातारा म्हणजे कात्सुइची. केनिची ठरल्याप्रमाणे मोठ्या शाळेत जातो. उसागी ते सोडून म्हाताऱ्याच्या मागे लागतो. म्हातारा आधी त्याला उभाही करत नाही. मोठी इमारत आणि मोठं नाव बघून शाळा ठरवणाऱ्या पालकांना ही गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या शाळेचा पट दरवर्षी कसा खाली येतो ते इथे वाचणाऱ्या शिक्षकांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतात त्या कारागिरांच्या गोष्टी. साकाई मध्येच लढाई थांबवतो आणि पानंच्या पानं एखादी वस्तू कशी बनते ते दाखवतो. एका गोष्टीत मोठा पतंग तयार होतो. बांबू चिरणं, कामट्या बांधणं, कागद चिकटवणं, त्यावर चित्र रंगवणं. तीच जत्रा मग तीन जणांच्या नजरेतून सांगितलेली आहे. आधी पतंग करणारा, मग एक जुगारी, मग आपला ससा. एकच घटना तिघांना तीन प्रकारे दिसते, हे चौथीच्या मुलांना समजावून सांगायचं तर मला फळाभर लिहावं लागलं असतं. इथे त्यांनी ते आपोआप पकडलं. "सर, मघाशी हा मागे उभा होता, तेव्हा आपल्याला माहीत नव्हता!" असं म्हणत पोरं स्वतःहून मागची पानं उलटायला लागली. मराठीचा उतारा वाचताना कोणी मागचं पान उलटल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या एका कथेत तलवार कशी घडते ते आहे. लोखंड तापवायचं, ठोकायचं, घडी घालायची, परत ठोकायचं, शेवटी पाणी द्यायचं. तलवार घडवणारा ते काम पूजेसारखं करतो. वर्गात एकाच्या आजोबांचा भाता अजून चालू आहे. तो उभा राहिला आणि विळ्याला पाणी कसं देतात ते त्याने सांगितलं. किती लाल झालं की काढायचं, कोणत्या रंगाला बुडवायचं, लवकर बुडवलं तर काय होतं. पंधरा मिनिटं. मी त्याचा वर्गशिक्षक दोन वर्षांपासून आहे आणि सलग पंधरा मिनिटं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. परिसर अभ्यासात 'आपले व्यवसाय' शिकवताना त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. कदाचित मीच कधी विचारलं नसेल.

आणि चहा! एक अख्खी गोष्ट फक्त चहाची आहे. तोमोए उसागीला जपानी रीतीने चहा करून देते. शब्द जवळजवळ नाहीतच. भांडं पुसणं, पाणी ओतणं, चहा घुसळणं, वाटी फिरवून पुढे ठेवणं. दोघांना एकमेकांबद्दल काय वाटतं ते कोणी बोलत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं. पोरांची पहिली प्रतिक्रिया, "एवढा वेळ? आमची आई दोन मिनिटांत करती." बरोबरच आहे. ही गोष्ट त्यांच्यासाठी नाहीच, ती माझ्यासाठी होती. मुलांबरोबर वाचलेलं सगळं मुलांसाठीच असायला हवं असं कुठे आहे?

आता पालकांचा दुसरा प्रश्न. चित्रं बघणं म्हणजे वाचन का? या पुस्तकांची भाषा इंग्रजी. माझ्या चौथीच्या मुलांना इंग्रजीत रंग, फळं, छोटी वाक्यं येतात. त्यामुळे मी संवाद मराठीत सांगत गेलो. पण बिनशब्दांची पानं आली की मी गप्प बसायचो आणि मुलांनी सांगायचं. या चौकटीतून पुढच्या चौकटीत जाताना मध्ये काय झालं असेल? इथे पाऊस लागला, पुढे तो देवळात बसलाय, म्हणजे तो पळत गेला. मग त्याची टोपी कुठे? चित्रात न दाखवलेलं ओळखणं, पात्राच्या तोंडावरून त्याच्या मनातलं ओळखणं, याला आपण अध्ययन निष्पत्तीमध्ये अनुमान करणे म्हणतो आणि रकान्यात बरोबरची खूण करतो. या पोरांनी ते वीस मिनिटांत इतक्या वेळा केलं की खुणा करायला रकाने पुरले नसते. शब्द वाचता आले म्हणजे वाचता आलं, अशी आपल्या सगळ्यांची समजूत आहे. माझीही होती. माझ्या पहिल्या वर्षी मी एका मुलाच्या दप्तरातून चित्रकथेचं पुस्तक काढून कपाटात ठेवलं होतं आणि वर्ष संपताना परत केलं होतं. तो आता दहावीत असेल. त्याची माफी मागायला हवी.

वर्गात एक मुलगा आहे. त्याचे वडील मुंबईला असतात, गणपतीला आणि गावच्या जत्रेला येतात. जोडाक्षर आलं की हा थांबतो, मग वरचं-खालचं बघतो आणि पुस्तक मिटतो. मी फुग्यांच्या मापाच्या कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि मुलांना सांगितलं, तुम्हीच मराठीत लिहा कोण काय बोलतंय ते. पट्ट्या नुसत्या फुग्यांवर ठेवायच्या, चिकटवायच्या नाहीत. पहिल्या दिवशी या मुलाने लिहिलं, "थांब." दुसऱ्या दिवशी, "मी जातो तू थांब." दोन आठवड्यांनी एका पानाचे अकरा फुगे त्याने भरले. शुद्धलेखन विचारू नका. जोडाक्षर अजून अडतंच, चमत्कार वगैरे काही झालेला नाही. पण एक गोष्ट इथे लिहायलाच हवी.

या मालिकेत जोतारो नावाचा एक लहान ससा आहे. तो उसागीला काका समजतो. खरं तर तो उसागीचाच मुलगा आहे. पुढे एका खंडात दोघं काही दिवस एकत्र प्रवास करतात. तोवर उसागीला खरं माहीत झालेलं असतं, आणि पोरालाही. पण दोघांपैकी कोणीही ते बोलत नाही. निरोप घेतात आणि आपापल्या वाटेने जातात. मी या गोष्टीवर पट्ट्या दिल्या. बहुतेकांनी जोरदार संवाद लिहिले, "बाबा!", "माझ्या पोरा!", रडारड, सिनेमासारखं. याने निरोपाची पट्टी कोरीच आणून दिली. मी विचारलं, राहिलं का लिहायचं? म्हणाला, "नाही सर. गाडी सुटताना कोण बोलतं व्हय?"

त्याला किती गुण द्यायचे ते मला ठरवता आलं नाही. वाचन कसं मोजायचं हा प्रश्न माझ्यापुढे त्या दिवसापासून आहे.

ज्यांना ही पुस्तकं मुलांना द्यायची आहेत त्यांच्यासाठी आता थोडं व्यवहाराचं. आधी स्वतः वाचा. सगळे भाग लहानांसाठी नाहीत. जेई नावाचा एक भालाधारी लांडगा आहे, डोळ्यांत बुबुळं नाहीत, देवाने मला दुष्टांना मारायला पाठवलंय असं म्हणत तो भेटेल त्याला मारत सुटतो. तो मलाच रात्री दिसला. रस्त्यावर गरम नूडल्स विकणाऱ्या एका मुक्या, आडदांड माणसाची गोष्ट आहे, न केलेल्या चोरीबद्दल त्याला मारून टाकतात. ती मी वर्गात घेतली नाही, सहावी-सातवीला मात्र नक्की घेईन. आणखी एक. दुकानात किंवा मोबाईलवर 'सामुराई चित्रकथा' शोधली की 'लोन वुल्फ अँड कब' हे नाव पुढे येतं. गोष्टीत बाप आणि लहान मूल आहे म्हणून ती मुलांची समजू नका. ती उत्तम आहे, पण मोठ्यांची आहे.

मोठ्या वर्गांना द्यायला 'ग्रासकटर' ही लांब कथा सगळ्यात चांगली. १९९९ साली तिला चित्रकथांच्या क्षेत्रातला मानाचा आयस्नर पुरस्कार मिळाला. कुसानागी नावाच्या पुराणातल्या तलवारीची ही गोष्ट. आठ डोक्यांच्या सापाला सुसानो-ओ हा देव दारू पाजून मारतो आणि त्याच्या शेपटीत ही तलवार सापडते. (आठ डोकी म्हटल्यावर वर्गातून आवाज आला, "रावणाला दहा!") पुढे ११८५ साली दान-नो-उराच्या सागरी लढाईत लहानगा सम्राट अंतोकू बुडतो आणि त्याच्याबरोबर तलवारही समुद्रात जाते. इथवर पुराण आणि इतिहास. मग साकाईची कल्पना सुरू होते. ती तलवार उसागीच्या हाती लागते. जिच्या जोरावर राज्य उलथवता येईल अशी वस्तू एका बेकार सामुराईच्या हातात! तो ती कोणालाच देत नाही, स्वतःही ठेवत नाही. गुपचूप अत्सुता देवस्थानात नेऊन पोचवतो. हे देवस्थान आजच्या नागोया शहरात खरोखर आहे आणि ती तलवार तिथे आहे असं जपानमध्ये मानतात. साकाईने या कथेच्या शेवटी टिपा दिल्या आहेत, कोणता भाग पुराणातला, कोणता इतिहासातला आणि कोणता आपण रचलेला. इतिहास आणि गोष्ट यांत फरक करायला शिकवणाऱ्या अशा टिपा आपल्याकडच्या ऐतिहासिक गोष्टींनाही असत्या तर किती वाद वाचले असते. १९९० साली या मालिकेला अमेरिकेत 'पेरेंट्स चॉइस' हा पालकांच्या नावाचा पुरस्कार मिळाला, तोही वस्तुस्थिती आणि दंतकथा यांची नीट गुंफण केल्याबद्दल. आमच्या समितीच्या सभेत हे मला आठवायला हवं होतं.

खरी अडचण किमतीची आहे. नवा खंड आपल्या खिशाला परवडत नाही आणि शाळेच्या अनुदानात बसत नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात नशीब असेल तर मिळतो. पण हीच पुस्तकं हवीत असा माझा हट्ट नाही. अमर चित्र कथेचे अंक तर बऱ्याच घरांत माळ्यावर पडून आहेत. फुग्यांवर पट्ट्या ठेवण्याचा खेळ त्यांच्यावरही चालतो, फक्त त्यात बिनशब्दांची पानं कमी असल्यामुळे मुलांना गप्प बसून बघायला कमी जागा मिळते.

काठी खोचणाऱ्या पोराच्या वडिलांना मी पुढच्या आठवड्यात शाळेत बोलावलं आणि पतंगाची गोष्ट असलेला खंड हातात दिला. म्हटलं, "घेऊन जा. इंग्रजीची काळजी करू नका, पोरगं सांगेल तुम्हाला." त्यांनी तो पिशवीत घातला, भाजीच्या वर. त्याला आता तीन आठवडे झाले. पोरगं म्हणतं, "सर, बाबा अजून बघतायत." संक्रांतीच्या आधी मागून घ्यावा लागेल. यंदा वर्गात मोठा पतंग करायचं ठरलंय आणि कामट्या कशा बांधायच्या ते त्याच खंडात आहे.